आपल्याच गावात पाहुणी म्हणून जायचं का?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणारी मैत्रीण ३१ वर्षांची आहे, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. तिचं गाव बोपदेव घाट चढून गेल्यावर सासवडच्या वाटेवर लागतं. वडिलांनी १७ वर्षं रोज पहाटे सायकलवरून दूध घाटाखाली नेलं. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन, येताना रिकामे कॅन आणि सरकी पेंडीचं पोतं. त्यावर तिचं इंजिनिअरिंग झालं. आता जानेवारीत तिच्या ऑफिसातल्या बारा जणांनी पहाटेच्या सायकल सहलीचं बुकिंग केलं आहे. पाच वाजता कोंढव्यात जमायचं, गाइडसोबत घाट चढायचा, शेतांमधून फिरायचं आणि ‘शेतकऱ्याच्या घरी’ पिठलं-भाकरी खायची. माणशी १४०० रुपये. वाट तिच्या घरावरून जाते आणि नाश्ता आहे तिच्या चुलतकाकूच्या ओट्यावर. ती कुठल्या गावची, हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही. घरी विषय काढला तेव्हा वडील एवढंच म्हणाले, “सायकल सुटावी म्हणून तुला शिकवलं.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही. आई म्हणते, सगळ्यांना घरी आण, चहा तरी करते. ती लिहिते, “आजारी आहे म्हणून सांगावं असं वाटतं. मला माझ्या माणसांची लाज वाटतेय की ऑफिसातल्या माणसांची भीती, हेच मला कळत नाही.” पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : “बाबांची ती सायकल अजून गोठ्यात उभी आहे, ते भंगारवाल्याला देऊ देत नाहीत.”

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगं करते.

आजारी पडण्याचा विचार आधी बाजूला ठेवू. एक रविवार टळेल. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मात्र बारा मोबाइल तुझ्यासमोर येतील. त्यात काकूचा ओटा असेल, तुमच्या गल्लीतलं पिंपळाचं झाड असेल, कदाचित धारा काढून परतणारे तुझे वडीलही असतील. ते फोटो बघून “वा, छान” म्हणणं तुला त्या रविवारपेक्षा जड जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी सहल काढेल, ते वेगळंच.

आता वडिलांच्या वाक्याकडे येऊ, कारण सगळ्या पत्राचा भार त्या वाक्यावर आहे. तू ते राग म्हणून घेतलंस. पुढे लिहिलंस, ‘मी त्यांच्या कष्टांची चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं असणार’. हे ते बोललेले नाहीत. ते चार-पाच शब्द बोलले, उरलेलं तू भरलंस. बापलेकींमध्ये असं फार होतं. तसं माझ्या हातून एकदा झालं आहे, म्हणून तुला सांगते.

माझे वडील पुण्याच्या एका कारखान्यात होते. आम्ही पेठेत राहायचो, कारखाना आठ किलोमीटरवर. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हाची गोष्ट. पहिली पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा, नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. वडील निवृत्त झाले त्या वर्षी मी साठवलेल्या पैशांतून त्यांच्यासाठी गियरची नवी सायकल आणली. मला वाटलं, आता हे सकाळी पाषाण तळ्यापर्यंत आनंदानं फिरून येतील. त्यांनी घंटी एकदा वाजवून बघितली आणि आठवडाभरात सायकल शेजारच्या मुलाला देऊन टाकली. मी दुखावले. दोन-तीन वर्षं तो विषय आमच्यात निघाला नाही. पुढे एकदा ते आजारी असताना मी उशाशी बसले होते, तेव्हा आपणहून म्हणाले, “सायकल म्हटलं की मला भोंगा ऐकू येतो.” चेन पडली, पाऊस आला, दोन मिनिटं उशीर झाला की फाटक बंद. ती धास्ती तीस वर्षं अंगात मुरली होती. त्यांचा राग माझ्यावर नव्हताच. मी विचारलं असतं तर हे मला तीन वर्षं आधी कळलं असतं.

तुझ्या वडिलांचंही असंच असेल, असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही आणि सध्या तुलाही नाही. म्हणून पहिलं काम हे, की सहलीचं ठरवण्याआधी एका शनिवारी गावी जा आणि त्यांना विचार. पण “मी जाऊ का?” असं विचारू नकोस. त्यावर ते “तुझं तू बघ” म्हणतील आणि बोलणं तिथंच संपेल. रस्त्याबद्दल विचार. घाटात वळणं अवघड कुठली, वाळू कुठे साचते, थंडीत धुकं कुठे धरतं, कुत्री कुठली अंगावर येतात. भरलेले कॅन घेऊन उतरताना ब्रेक कसा धरायचात?

हा शेवटचा प्रश्न मुद्दाम सुचवते आहे. घाटाचं नाव काढलं की सायकलवाले चढाबद्दल बोलतात. तुझ्या वडिलांचा घाट उलटा होता. त्यांनी चाळीस लिटर दूध घेऊन, म्हणजे कॅनचं वजन धरून चाळीस किलोच्या बऱ्याच वर, अंधारात उतार उतरवला. त्या काळच्या काळ्या सायकलींना दांड्यांचे ब्रेक असायचे, त्यांचे रबर चाकाच्या लोखंडी कडेला आतून लागायचे. कड पावसानं ओली झाली की ते धरत नसत. मागे दोन कॅनमध्ये दूध हिंदकळतंय, वजन पुढे ढकलतंय आणि ब्रेक पकडत नाही. हे ज्यानं १७ पावसाळे केलं, त्याला त्या रस्त्याचं जे ज्ञान आहे ते कुठल्याच गाइडकडे नसेल. गाइड कानिफनाथाचा डोंगर दाखवेल, कोडीत हे आचार्य अत्र्यांचं जन्मगाव म्हणून सांगेल, सासवडला सोपानदेवांची समाधी आहे आणि कऱ्हा तिथून वाहते असं सांगेल. ते सगळं खरं आहे आणि सांगावंही. पण शहरातल्या चहाचं दूध या घाटातून कसं उतरायचं, हे तुझ्याच घरात कुणीतरी सांगू शकतं. आणि लेकीनं हे विचारलं, याचं त्यांना काय वाटेल ते तू त्यांच्या तोंडावरच बघशील.

तुझ्या पत्रात आणखी एक गृहीत आहे. ज्या गोष्टीत एकाचं आयुष्य झिजलं, ती दुसऱ्यानं मौजेसाठी केली तर पहिल्याचा अपमान होतो, असं तू धरून चालली आहेस. तुझ्या गावापासून थोड्या अंतरावर दिवे घाट आहे. आषाढी वारीत तिथून माउलींची पालखी चढते. त्या गर्दीत कोण असतात? वर्षभर शेतात राबून ज्यांच्या टाचांना भेगा पडल्या आहेत, तीच माणसं. कामासाठी चालून चालून पाय दुखतात, म्हणून त्यांनी चालणंच वाईट ठरवलं नाही. तीच पावलं तिथे फुगडीही घालतात. चालणं तेच असतं, फक्त तिथे कुणी जबरदस्तीनं पाठवलेलं नसतं.

सायकलचंही तसंच बघ. वडिलांना एकही दिवस “आज नको” म्हणायची सोय नव्हती. तुला आहे, आणि ती त्यांनी मिळवून दिली आहे. “सायकल सुटावी म्हणून तुला शिकवलं” याचा एक अर्थ मला असाही लागतो, की सक्ती सुटावी. हा माझा अर्थ झाला. त्यांचा वेगळा असू शकतो. तो कळल्यावर तुला वाटलं की नाही जायचं, तर जाऊ नकोस. ऑफिसात “या वेळी मी येत नाहीये” एवढं पुरे, तापाचं कारण कशाला?

आता ऑफिसातली माणसं. तुला भीती आहे ती “किती ऑथेंटिक!” या उद्गाराची. वडिलांचा मळका सदरा, गोठा, शेणानं सारवलेला ओटा, यावर मोबाइल रोखले जातील आणि तू मध्ये उभी असशील. ही भीती खोटी नाही. हुरड्याच्या दिवसांत शहरातून येणारी माणसं कशी वागतात ते तुझ्या गावानं पाहिलेलं आहे. कुणी अदबीनं आगटीजवळ बसतं, निगुतीनं कणसं कशी भाजतात ते विचारतं. कुणी उभ्या ज्वारीत घुसून फोटो काढतं आणि ताटं मोडून जातं. तुझ्या बारा जणांत दोन्ही तऱ्हेची माणसं निघतील. पण ज्यांना तू काही सांगितलंच नाहीस, त्यांनी नीट वागावं तरी कशाच्या आधारावर?

तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. न सांगता जायचं, ही पहिली. ती टिकणार नाही, तुलाही ते ठाऊक आहे. हेल्मेट घातलंस तरी काकू दारातूनच हाक मारेल, “अगं, तू कधी आलीस? आणि हे काय घातलंयस?” तेव्हा ऑफिसला गोष्ट कळेलच. शिवाय तू लपवत होतीस हे काकूला कळेल आणि संध्याकाळपर्यंत तुझ्या आईला. त्या दोघींनी का म्हणून ते सोसावं?

ऐन ठिकाणी सांगायचं, ही दुसरी. त्यात नाट्य आहे. सगळे एकदम तुझ्याभोवती जमतील, वडिलांना बोलवा म्हणतील, आणि तुला जे नको आहे नेमकं तेच होईल.

मला तिसरी वाट बरी वाटते. आठ-दहा दिवस आधी, जेवताना, साध्या आवाजात सांगून टाक : “ही वाट माझ्या गावावरून जाते. आईबाबा तिथेच असतात, शेती करतात.” एवढंच. दुधाची, कॅनची, फीची कहाणी सांगू नकोस. तुला त्याची लाज वाटावी म्हणून नव्हे, ती गोष्ट वडिलांची आहे म्हणून. सांगायची की नाही, कुणाला आणि कधी, हे त्यांना ठरवू दे. आपल्या आईबापांचे कष्ट चार लोकांत सांगून वाहवा मिळवणं हल्ली फार सोपं झालं आहे. तू त्या वाटेला गेली नाहीस, याचं मला बरं वाटलं.

सांगितल्यावर कुणी म्हणेल, “मग तूच आमची गाइड!” तर नम्रपणे नाही म्हण. त्यांनी पैसे देऊन गाइड घेतला आहे. तूही १४०० रुपये भरलेस, तर तूही सायकल चालवायलाच आलेली आहेस.

आईच्या चहाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नकोस. आई मनापासून म्हणते आहे. पण बारा माणसांचा चहा म्हणजे ती चारला उठणार, ओटा सारवणार, शेजारून कप आणणार, आणि चहावर थोडंच भागणार आहे, पोहेही होणार. दुसरं म्हणजे काकूचं. त्या सकाळचे पैसे तिला मिळतात. तिच्या दारावरून बारा माणसं तुमच्याकडे वळली, अर्ध्या पोटानं तिच्याकडे गेली, भाकऱ्या उरल्या, तर पुढे दोन घरांत काय होतं ते भावकीतल्या माणसाला सांगायला नको. नाश्ता काकूकडेच होऊ दे. तू तिथे जेवायला बैस, आणि वाटलं तर उठून दोन भाकऱ्या थापू लाग. ते तुला आतून येईल तसं कर, दाखवण्यासाठी नको. मग सहल परत निघेल तेव्हा तू मागे थांब. सायकल त्यांच्या टेम्पोत जाऊ दे आणि तू घरी जा. संध्याकाळी सासवडहून पुण्याला यायला गाड्या भरपूर आहेत. पाहुणीपण काकूच्या ओट्यावर संपेल आणि पुढचा दिवस लेकीचा.

काकूला एक गोष्ट मात्र जरूर विचार : ताटामागे तिला किती मिळतात? माणशी १४०० रुपयांतले चुलीजवळ किती पोचतात, हे सहसा कुणी विचारत नाही. फार कमी असतील, तर आयोजकाला फोन करून शांतपणे बोल. सायकली, टेम्पो, गाइड यांचा खर्च खरा आहे, तो त्याला निघायलाच हवा. पण “गावच्या घरी जेवण” हे ज्याच्या जोरावर तो विकतो, त्या घराचा वाटा ठरलेला असावा आणि त्याच दिवशी हातात पडावा. बारा जणांचं बुकिंग असताना हे बोललेलं ऐकलं जातं.

आयोजकाशी बोलशील तेव्हा वेळेचंही बोल, कारण पाचची वेळ मला मुळीच पटलेली नाही. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. पाचला कोंढवा सोडलं तर सगळा घाट मिट्ट काळोखात चढायचा. ट्रक चालू असतात, रस्ता अरुंद, आणि त्या घाटात अंधारात एकट्यादुकट्यानं थांबू नये हे पुण्यात सर्वांना माहीत आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं सायकल धरलेली नाही अशी माणसं चढावर पांगणार, मागचे दोघं-तिघं एकटे पडणार. सव्वासहाला निघा. झुंजुमुंजु होता होता चढ लागेल आणि वर पोचाल तेव्हा ऊन येईल. उन्हाळ्यात गोष्ट वेगळी. मे महिन्यात सहालाच उजाडतं आणि नऊनंतर ऊन भाजतं, तेव्हा लवकर निघणंच बरं.

इतर वाचकांनाही अशा सहलींना जायचं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पैसे भरण्याआधी विचारावं, की सगळ्यात शेवटी चालणारा माणूस कोण? पुढे गाइड असतो, पण अडचण येते ती मागे. पंक्चर काढायचं सामान आणि जादा ट्यूब सोबत आहे का, मागचा लाल दिवा प्रत्येक सायकलला आहे का, हेल्मेट देतात का. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी विचारायला संकोचू नये. दोन-तीन तास पाणी न पिता सायकल मारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, केवळ त्या एका कारणासाठी. आदल्या दोन रविवारी घराजवळ दहा-पंधरा किलोमीटर चालवून बघावी, म्हणजे सीटची उंची आणि आपला दम दोन्ही कळतात. चढ सुरू होण्याआधीच हलका गियर टाकावा, चढाच्या मध्यावर टाकायला गेलं की चेन कुरकुरते, पडतेही. दमलं की उतरून ढकलावी. तुझ्या वडिलांनी पेंडीचं पोतं लादून ती रोज ढकललीच असेल. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, सोडत-धरत वापरावे. नुसता पुढचा दाबला तर माणूस हँडलवरून जातो. कानात गाणी नकोत, गाडीचा आवाज ऐकू यायला हवा.

आणि गावात शिरल्यावर, गाणं वाजवणारा स्पीकर बंद. कुणी नळावर असतं, कुणी अंगणात आंघोळीचं पाणी तापवत असतं. पहाट ही गावाची घाईची आणि खासगी वेळ आहे. फोटो काढायचा तर आधी राम राम करावा, विचारावं, आणि मान हलली नाही तर मोबाइल खिशात. बांधावरून सायकल नेऊ नये. सीताफळ, अंजीर, वाटाणा, जे त्या मोसमात असेल ते दिसलं की शहरातला हात आपोआप पुढे जातो. “एक घेतलं तर काय होतं?” बारा जणांनी, दर रविवारी, एकेक घेतलं तर काय होतं ते ज्याचं शेत आहे त्याला विचारावं. विकत मागितलं तर तोच चार जास्त घालून देईल.

हे नियम तू ऑफिसात आधी सांगितलेस तर तुझी निम्मी भीती तिथेच मिटेल असं मला वाटतं. आणि ते तू सांगावंस. त्या बारा जणांत शेतातला हात आणि बाजारातला हात दोन्ही ओळखणारी तू एकटीच आहेस.

लाज की भीती, हे कळत नाही, असं तू लिहिलंस. मला वाटतं दोन्ही थोडं थोडं आहे, आणि त्यापायी स्वतःला इतकं टोचून घेऊ नकोस. शिकायला शहरात आलेल्या मुलीला पहिली काही वर्षं आपली बोली, आपला डबा, आपल्या गावाचं नाव जपून वापरावं लागतं. ‘कुठली गं तू?’ या प्रश्नामागे काय येईल याचा अंदाज नसतो. तेव्हा गप्प बसणं हे तुझं संरक्षण होतं. आता पगार तुझा आहे, जागा तुझी आहे. गप्प बसायची गरज कदाचित संपली असेल, सवय राहिली असेल.

राहता राहिली गोठ्यातली सायकल. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता तू ती लिहिलीस आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. सायकल सुटावी म्हणून राबलेला माणूस तीच सायकल भंगारात देऊ देत नाही. का, ते तुला माहीत नाही. मी अंदाज बांधत नाही. त्या शनिवारी रस्त्याबद्दल बोलून झालं की त्यांच्यासोबत गोठ्यात जा. टायर कुजले असतील, ब्रेकचे रबर दगडासारखे झाले असतील. “सासवडला दुकानात नेऊन चालती करून आणू का?” एवढं एकदा विचार. हो म्हणाले तर तू आणि ते मिळून घेऊन जा, दुकानदाराशी त्यांनाच बोलू दे. नको म्हणाले तर ती तिथेच राहू दे, फक्त पावसात भिजत असेल तर वर एक पत्रा टाकून ये.

तुझी,
ताई